नाकावर चालणारा बॉयलर

योग्य वेळी योग्य निर्णय घेणं हीच यशाची गुरुकिल्ली आहे, असं वसमतला एका व्याख्यात्यांनी आम्हाला दोन तास सांगितलं. आमच्या गावचा हळद शिजवणारा हे काम नाकानं करतो. बॉयलरची वाफ हुंगतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, “काढा.” लवकर काढली तर हळद कच्ची राहते, उशीर झाला तर रंग जातो.

यंदा माझी वर्षाची हळद आत शिजत होती आणि तो पुन्हा पुन्हा वाफ हुंगत होता, पण “काढा” म्हणेना.

“काहून थांबला?”

“सर्दी झाली, दादा. वासच येऊन न्हाई राहिला.”

“अंदाजानं सांग की.”

“अंदाज माझा अन् हळद तुमची. बराबर न्हाई ते.”

शेजारच्या रानात त्याचा सख्खा भाऊ दुसरा बॉयलर चालवतो. बांधाच्या भांडणापासून दोघं बोलत नाहीत. हा तडक गेला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि नाकाकडे बोट दाखवलं. भाऊ आला, वाफ हुंगली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, “त्याला सांगा, पाच मिनिटं अजून.”

मी सांगितलं. तो पाच मिनिटं थांबला, मग म्हणाला, “काढा.”

हळद उत्तम शिजली. दोघं अजूनही बोलत नाहीत.