किल्ली काढली तरी जळणारा दिवा

मी मोटारींच्या वायरिंगचा मिस्तरी. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला दुकानाच्या पायरीवरूनच हाकलून द्यायचो. दिवा लागला म्हणजे कुठून तरी वीज आली, विझला म्हणजे कुठे तरी अडली. तिसरं काही नसतं, हे नंदुरबारात मी भल्याभल्यांना तोंडावर सुनावलंय. म्हणूनच रनाळ्याची ती दुपार आठवली की माझी मलाच चीड येते.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल रेशनवर. रनाळ्याची एक माहेरवाशीण बैलगाडीतून दुकानावर आली. तिचा भाऊ नंदुरबार-अक्कलकुवा भाड्याची मोटार चालवायचा. वाटेत छातीत कळ आली, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला बिचारा. बैल जुंपून मोटार घरी आणली, तेव्हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा चालूच होता.

"किल्ली काढी लिधी, तरी जळी ऱ्हायना, मिस्तरीभाऊ," ती म्हणाली. "आठ दिन व्हई ग्यात."

"काहीतरीच! बॅटरी आठ दिवस पुरते होय?" मी खेकसलो.

ती रडायला लागली. उद्या दहावा होता. पण बाप मोटारीतून उठेना. दिवा जळतोय तोवर मुलगा गेलाच नाही, मग पिंड कुणाचे ठेवायचे, असं त्याचं म्हणणं. उद्या तो नदीवर गेला नाही तर भावाचे दिवस व्हायचे कसे, एवढी एकच काळजी तिला खात होती. मी हत्यारांची पिशवी उचलली.

रनाळ्याला पोचलो तर अंगणात मिरच्या वाळत होत्या, डोळे चुरचुरत होते. पत्र्याच्या छपरीत मात्र भरदुपारी अंधार. त्या अंधारात बोराएवढा लाल दिवा. मोटार उलटी ढकलून आत लावली होती. मृताच्या दिव्याचं तोंड दक्षिणेला हवं, म्हणून! दिव्यासमोर पाण्याचा तांब्या होता. ड्रायव्हरची जागा रिकामी, आणि तिच्या शेजारी म्हातारा मांडी घालून बसलेला. चेहऱ्याचा एकच गाल लाल दिसत होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "तो झोपेल शे."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? मी ड्रायव्हरच्या जागेवर बसायला गेलो, तर त्याने हात आडवा केला. "तठे नको." मग मी दार उघडं ठेवून फूटबोर्डावर उकिडवा बसलो.

हा दिवा तसा साधा असतो. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन चालू होऊन डायनामो वीज देऊ लागला की विझतो. डायनामो आणि बॅटरीच्या मधे कटआउट नावाची डबी असते. इंजिन चाललं की तिचे दोन पॉइंट जुळतात, बंद पडलं की सुटतात. ते सुटलेच नाहीत तर बॅटरीची वीज उलट्या वाटेने दिव्यात शिरते. किल्ली मग खिशात ठेवा नाहीतर विहिरीत टाका, सारखंच.

आधी बॅटरी पाहिली. टर्मिनल घासून चकचकीत. "ही कोणी बदलली?"

"मी," म्हातारा म्हणाला. "रातले बदलस. दोन बॅटऱ्या शेतस. एक आठे, एक कापसाच्या जिनच्या इंजिनवर भराले. दिवाले तेल नको का?"

घ्या! बॅटरीचं कोडं तिथेच सुटलं. डॅशखालची डबी चाचपली तर ती कोमट होती, तापात असलेल्या माणसाच्या कपाळासारखी. झाकण काढलं. पॉइंट वितळून टाचणीच्या टोकाएवढ्या जागी चिकटले होते. असंच चालू राहिलं असतं तर एखाद्या दिवशी तार पेटून म्हातारा मोटारीसकट जळाला असता. मी जिंकल्याच्या तोऱ्यात नखाने टिचकी मारली. पॉइंट सुटले, दिवा विझला.

म्हाताऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो.

"लाई दे," तो म्हणाला. "मन्ही गोठ बाकी शे. त्याले काहीच सांगेल नही."

काय करणार? सुटलेलं पुन्हा चिकटवता येत नाही. मी अंगठ्याने पॉइंट दाबून धरले. दिवा पेटला. आता वीज पूर्ण जोरात वाहू लागली, डबी तापायला लागली. म्हातारा त्या रिकाम्या जागेशी बोलत होता. कधीतरी थोबाडीत मारली होती, त्याची माफी मागत होता. मधेच थांबायचा, समोरून उत्तर आल्यासारखा मान डोलवायचा. मी एकदाही त्या जागेकडे बघितलं नाही. अंगठ्याची कातडी जळल्याचा वास माझ्याच नाकात येत होता. "बाबा, आवरा," म्हणावं असं दहादा वाटलं, पण मी अंगठा आणखी घट्ट दाबला.

शेवटी त्याने तांब्यातलं पाणी बोटांनी दिव्याच्या काचेला लावलं. "जाय आते, बेटा. उद्या नदीवर मी येस."

दिवा विझला.

माझा अंगठा तसाच दाबलेला होता. डबी तशीच चटके देत होती, म्हणजे वीज वाहत होती. बॅटरी भरलेली होती.

म्हातारा खाली उतरला, लेकीला हाक मारून म्हणाला, भाकर दे. आठ दिवसांत त्याने पहिल्यांदा खायला मागितलं होतं. ती दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

बल्ब उडाला असेल. आठ दिवस जळला होता, उडणारच. काढून तार तुटली की शाबूत आहे ते बघायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. मी बल्बला हात लावलासुद्धा. तो गरम होता. मग मी हात मागे घेतला, पिशवी उचलली आणि मागे न बघता बाहेर पडलो.