शालनबाईंच्या नावावरचे पाच नंबर

पुण्याजवळ, कुरुळीच्या पुढं गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या कॅन्टीनमध्ये शालनबाई बारा वर्षं पोळ्या करतात. मूळच्या परंड्याकडच्या. नवरा उद्धवराव भोसरीतल्या वर्कशॉपात लेथवर, मुलगी रुपाली चिंचवडला फार्मसी शिकते. बाई स्वभावानं भारी सावध. भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेणार नाहीत, भाडं ठरल्याशिवाय रिक्षात पाय ठेवणार नाहीत. कॅन्टीनमध्ये नवी पोरगी आली की तिला पहिलाच धडा असा, की न वाचता कशावर सही करायची नाही.

अशी बाई फसली, आणि तीही भर दुपारी, कंपनीच्या गेटसमोर.

तिथं मोठ्या छत्रीखाली एका मोबाईल कंपनीचं टेबल लागलं होतं. टाय लावलेला, पस्तिशीचा, बोलायला गोड माणूस बसला होता.

"मावशी, गाव कुठलं म्हणायचं?"

"परंड्याकडलं."

"आवं, मी भूमचा! म्हंजे शेजारीच की. गावाकडं तुमच्या फोनला रेंज येतीय का?"

येत नव्हती, हेच तर दुखणं होतं. गावी म्हातारी आई एकटी. तिच्याशी बोलताना निम्मं बोलणं हवेतच जायचं. त्या माणसानं सांगितलं, की ह्या नंबरला तिकडं फुल्ल रेंज, बिल महिन्याला एकच, आणि नाही पटलं तर कधीही बंद करा. शालनबाईंनी तीनदा विचारलं, "कधीबी बंद करता येतंय ना?" तीनही वेळा तो "व्हय मावशी" म्हणाला.

मग अंगठा घ्यायची वेळ आली. तव्याच्या चटक्यांनी बाईंची बोटं गुळगुळीत झालेली, रेशन दुकानातसुद्धा मशीन त्यांना ओळखत नाही. "घेईना बघा. पदराला पुसून परत ठेवा," असं तो म्हणत गेला आणि बाई ठेवत गेल्या. दर वेळी त्यानं फोटोही काढला. "डोळे मिचकावा मावशी. हां, आता जरा हसा."

महिन्यानं बिल आलं. रविवार होता. रुपालीनं मोबाईलवर ते उघडलं आणि ती बघतच राहिली.

"आई, तू पाच नंबर घेतलेस?"

"एक घेतला गं."

"इथं पाच आहेत. फॅमिली प्लॅन. आणि वर्षभर बंद करता येणार नाही, असंही लिहिलंय. त्या दिवशी अंगठा किती वेळा ठेवलास?"

शालनबाईंनी मनातल्या मनात मोजलं. पाच वेळा. मशीन दर वेळी अंगठा घेत होतं. घेत नाही, असं म्हणत होता तो फक्त तो माणूस.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये पहिला घाणा उतरल्यावर त्यांनी बिलावरून कागदावर लिहून आणलेल्या नंबरांपैकी एक फिरवला. तिकडून कोण बोलेल, काय बोलेल, काही ठाऊक नव्हतं.

बेल वाजली, ती त्यांच्या पाठीमागेच.

कणीक मळणाऱ्या वर्षालीनं हात झटकले, एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. "हॅलो, कोण?"

तो आवाज शालनबाईंना एकदम दोन्हीकडून ऐकू आला. त्या वळल्या. तीन वर्षं शेजारी उभं राहून काम करणारी, त्यांच्या डब्यातलं खाणारी ही पोरगी.

"वर्षाली, तू? माझ्या नावावर?"

"काय म्हणायलात मावशी?" वर्षालीला काहीच कळेना. कळलं तेव्हा ती भडाभडा सांगू लागली. तिचं आधार अजून नांदेडच्या पत्त्यावर होतं, म्हणून इथं सिम मिळणार नाही असं तिला वाटायचं. गेटवरचा माणूस म्हणाला होता, काही कागद लागत नाहीत, रोख द्या आणि सिम घ्या. तिनं रडत रडत पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली. चिठ्ठीवर त्याच्या हातानं लिहिलेला हाच नंबर होता आणि खाली तिचं नाव होतं. शालनबाईंनी चिठ्ठी वाचली, आणि क्षणभर का होईना आपण हिला चोर समजलो, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोबाईल कंपनीच्या ग्राहक सेवेनं मात्र हात झटकले. "मॅडम, अंगठा तुमचा, फोटो तुमचा. तुम्ही मान्य केलंय."

रुपालीनं मग १९१५ लावला, सरकारची ग्राहक हेल्पलाइन. फोनवरच्या बाई मराठीत आणि सबुरीनं बोलल्या. तक्रार लेखी द्या, तिचा नंबर घ्या, तुमच्या अर्जांच्या प्रती मागा. उत्तर पटलं नाही, तर मोबाईल कंपनीतच वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तिथंही नाही झालं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. एवढ्याशा दाव्याला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "फसवून घेतलेली संमती ही संमती नसते, ताई." हे वाक्य शालनबाईंनी रुपालीकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि पाठ केलं.

रजा टाकून मायलेकी आणि वर्षाली चिंचवडच्या दुकानात गेल्या. मॅनेजर आधी टाळाटाळ करत होता. शालनबाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली, तेव्हा त्यानं पाचही अर्ज छापून काढले. त्यांवरच्या वेळा बघता नऊ मिनिटांत पाच अर्ज. प्रत्येकावर कुणाचा तरी अनोळखी ईमेल, आणि पर्यायी नंबर म्हणून त्या टायवाल्याचाच फोन.

पण शालनबाईंचं लक्ष अर्जांवरच्या फोटोंवर होतं. एकात डोळे मिटलेले, एकात पदर सावरताना, आणि शेवटच्यात त्या मोकळेपणानं हसत होत्या. तो माणूस समोर बसून आपलं नाव विकत होता, आणि आपण त्याच्याकडं बघून हसत होतो! त्यांनी तो कागद पालथा घातला. वर्षालीनं पाणी आणून दिलं.

तेवीस दिवस लागले. करार रद्द झाला, बिल मागं घेतलं गेलं, वर्षालीचा नंबर तिच्या स्वतःच्या नावावर झाला. आणखी दोन नंबर सापडले. एक भोसरीतल्या एका वेल्डरकडे होता, दुसरा आम्रपाली नावाच्या एका सिक्युरिटी गार्डकडे. दोघांनीही वर्षालीसारखेच रोख पैसे मोजलेले. दोघंही फोनवर आधी भांडले आणि मग हादरले. छत्रीवाला कुठं गेला, कुणालाच माहीत नाही. त्यानं मोबाईल कंपनीला दिलेल्या पत्त्यावर एक बंद गाळा निघाला.

पाचवा नंबर मात्र कधीच लागला नाही. तो बंद होण्याआधी जवळजवळ दोन महिने शालनबाईंच्या नावावर चालू होता. कुणाकडे होता, त्यावरून कुणाला काय बोललं गेलं, काही कळलं नाही. त्या नंबरची तक्रार पोलिसांत दिलीय, पोच मिळालीय.

"मिटलं ना सगळं? आता सोडून दे," असं उद्धवराव म्हणतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शालनबाई रुपालीला सरकारी पोर्टलवर बघायला लावतात, आपल्या नावावर किती नंबर आहेत ते. ओटीपी येतो, पडद्यावर चक्र फिरत राहतं. तेवढा वेळ त्या पोळपाटावरचा हात थांबवून उभ्या राहतात.