राघूच्या चोचीचा फर्मा

हे मी कालपर्यंत कोणालाही सांगितलेले नव्हते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही तक्रार पोटात ठेवली नाही, त्याने ही एक गोष्ट अकरा वर्षे पोटात ठेवली — विचित्र वाटते ना? मलाही वाटते.

आधी मी कोण ते ऐका. दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. नंदुरबारच्या माझ्या घरात एक पूर्ण कपाट केवळ पत्रांच्या नकलांचे आहे — अर्ज, स्मरणपत्र, अंतिम स्मरणपत्र. बसथांब्याचे छप्पर उडाले, तर ते पुन्हा बसेपर्यंत मी संबंधितांना झोपू देत नाही. खोटे शपथपत्र करणाऱ्या माणसाविषयी मला जेवढा संताप आहे, तेवढा चोराविषयी नाही. चोर निदान ईश्वरसाक्ष सांगून चोरी करत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. ते पुढे माझ्यावरच उलटणार आहे.

निवृत्तीनंतर मला नाद लागला तो घडीच्या चाकूंचा. शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, घोडेवाल्याच्या खिशात असतो तो साधा चाकू — लाकडी मूठ, तिच्यात मिटणारे पाते, पाठीला पोलादी कमान. मी आलेखाच्या कागदावर पाती रेखाटायचो, पत्र्यावर ती कापून फर्मे करायचो आणि दर गुरुवारी गाडीने खांडबाऱ्याला हिलाल मिस्तरींच्या भट्टीवर न्यायचो. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पोलाद तापवून ते माझ्या फर्म्याबरहुकूम पाते घडवत. पिंपळपान, आंबापान, तलवारीचा बाक — काय सुंदर दिसत ती पाती! उघडी असेपर्यंत.

मिटली की टोक मुठीबाहेर डोकावायचे. तांदळाच्या दाण्याएवढेच, पण डोकावायचे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका घोडेवाल्याने भर गर्दीत आपल्या सदऱ्याचा फाटका खिसा माझ्यापुढे धरला आणि विचारले, "आप्पा, हाऊ चक्कू शे का खिसाना उंदीर?" लोक हसले. मी काय केले असेल? घरी येऊन त्याला दोन पानी लेखी खुलासा पाठवला.

आता सोनाबाईंविषयी सांगितलेच पाहिजे — इतका वेळ मी त्यांचे नाव टाळत आलो. सोनाबाई म्हणजे हिलाल मिस्तरींची थोरली विधवा बहीण. भाता त्या ओढत, घणही त्याच मारत. माझे कागद त्यांनी कधी पाहिले नाहीत. पाती मात्र प्रत्येक पाहिली, कारण प्रत्येकावर घाव त्यांचा होता.

एका दुपारी त्यांनी माझे पिंपळपान उचलले, जमिनीवर ठेवले आणि कोळशाने त्याच्याभोवती दुसरीच रेघ ओढली. पाठ टोकाकडे उतरत गेलेली, टोक खाली वळलेले — राघूची चोच. मला म्हणाल्या, "टोक वर कसाले ठेवतस, आप्पा? पाठ उतरती करा. टोक मुठना पोटमा बसी जाई." मग पात्याच्या बुडाशी त्यांनी एक छोटा उंचवटा काढला. चाकू मिटला की तो आधी कमानीवर टेकायचा, म्हणून धार कमानीवर आपटून बोथट व्हायची नाही. चार वर्षांच्या माझ्या आलेखांत हा उंचवटा एकदाही नव्हता. फर्माही त्यांनीच कापला, डब्याच्या पत्र्याचा. पहिला चाकू घडला, सोनाबाईंनी तो मिटला — टक्. बोट फिरवून पाहिले, कुठेच काही टोचले नाही.

त्या घरची एक रीत आहे. दसऱ्याला अवजारांच्या पूजेत वर्षाचा नवा फर्मा ऐरणीवर ठेवायचा आणि ज्याच्या हाताचा फर्मा, त्यानेच त्याला कुंकू लावायचे. दुसऱ्या कोणी नाही. त्या दसऱ्याला सोनाबाई नवे लुगडे नेसून कुंकवाचे ताट घेऊन उभ्या होत्या. भट्टीपुढे गाव जमला होता. हिलाल मिस्तरी म्हणाले, "चला, कोण लावस कुंकू?" — आणि मी पुढे झालो.

थांबतो. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षे लागली. मी पुढे झालो, सोनाबाईंच्या हातातल्या ताटात बोट बुडवले आणि त्यांच्या फर्म्याला कुंकू लावले. कोणी ढकलले मला? कोणीच नाही. न्यायालयातल्या माणसापुढे कोणी बोलले नाही आणि कोणी बोलणार नाही हे मला ठाऊक होते. सोनाबाईंनी ताट खाली ठेवले आणि त्या भात्याशी जाऊन बसल्या. सणाच्या दिवशी, भट्टी थंड असताना.

मग तो चाकू चालला — आणि कसा चालला! खुरातला खडा काढावा त्या चोचीने, पपईचा देठ कापावा, पोत्याची सुतळी ओढून तोडावी. फाटका खिसा दाखवणारा तो घोडेवाला तीन चाकू घेऊन गेला. लोक त्याला "आप्पाना चक्कू" म्हणू लागले आणि मी ते म्हणू दिले. मिस्तरींनी तो फर्मा मला भेट दिला. काचेच्या चौकटीत घालून, कुंकवासकट, मी तो बैठकीत टांगला.

पुढे एका परगावच्या व्यापाऱ्याने हुबेहूब तसाच चाकू कारखान्यात करून विकायला काढला. मी पेटून उठलो. चौदा पत्रे लिहिली, सगळी पोचपावतीसह रजिस्टर टपालाने. त्याच्या वकिलाने विचारले, नमुना मुळात कोणाचा? मी मुद्रांकावर शपथपत्र केले : "सदर पात्याचा नमुना मी स्वतः, स्वतःच्या कल्पनेने रेखाटला आहे." ईश्वरसाक्ष. व्यापारी नमला, चाकू बाजारातून उचलेन, पुन्हा करणार नाही, असे त्याने लेखी दिले. तो कागद मी भट्टीवर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. सोनाबाईंनी घण खाली टेकवून सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "चांगलं जयं. कागद तुमना, पातं मन्हं." सगळे हसले. मीही हसलो — त्यांनी थट्टाच केली असे समजून? नाही. मला नीट समजले होते.

गेल्या महिन्यात मी एका इसमाविरुद्ध तक्रार लिहीत होतो. बांधाच्या वादात त्याने खोटे शपथपत्र दिले होते. "सदर इसमाने जाणूनबुजून असत्य कथन केले" एवढे लिहिले आणि मान वर केली. समोर चौकट होती. कुंकू काळपट पडले होते. कलम मला पाठ आहे, शिक्षाही पाठ आहे. दुसऱ्याला लावतो तेच कलम मला का नको? मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. इसमाचे नाव — माझे.

इतके स्वच्छ, इतके बिनतोड शपथपत्र मी जन्मात लिहिलेले नाही. नमुना सोनाबाईंचा, रेघ त्यांची, उंचवटा त्यांचा, फर्मा त्यांच्या हातचा. माझे पूर्वीचे कथन खोटे, आणि ते खोटे असल्याचे मला तेव्हाच ठाऊक होते. एक प्रत आज सकाळी त्या व्यापाऱ्याला रवाना झाली. तो आता म्हणेल, लेखी दिलेले रद्द. म्हणू दे! भांडायला तो आला, तर या वेळी त्याच्यासमोर खरे नाव असेल आणि पत्रे लिहायला मी असेन. माझी शाई संपलेली नाही. दुसरी प्रत न्यायालयात दिली. कारवाई होईल तर होवो. तारखेला मी वेळेआधी हजर असेन.

तिसरी प्रत काल मी स्वतः खांडबाऱ्याला नेली. चौकट फोडून फर्मा काढला होता, ओल्या फडक्याने माझे कुंकू पुसले होते. गिऱ्हाइके उभी असताना फर्मा ऐरणीवर ठेवला आणि शपथपत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचले. माझा आवाज अडखळला नाही — न्यायालयात पुकारा करतात तसा तो रस्त्यापर्यंत गेला. "सोनाबाई" हे नाव सात वेळा आले. सातही वेळा मी ते पूर्ण उच्चारले.

सोनाबाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी कागद मागितला नाही. फर्मा उचलला, उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. "गंज चढी गया," एवढेच म्हणाल्या. मग आत जाऊन कुंकवाची डबी आणली आणि दसऱ्याची वाट न पाहता, गिऱ्हाइकांच्या देखत, आपल्या फर्म्याला आपल्या बोटाने कुंकू लावले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पाहावे असे मी काही केलेलेही नव्हते.

भिंतीवरच्या खिळ्याला त्यांनी फर्मा अडकवला, घण उचलला आणि मला म्हणाल्या, "सरका, आप्पा. ठिणगी अंगवर उडी."

मी सरकलो.