आबांच्या काठीला दोन बोटं कमी

सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढून डॉक्टर म्हणाले, “हूकवर्म.” मग आईकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं, “आकड्यासारख्या तोंडाचे बारीक जंत. आतड्याला चिकटून पोराचं रक्त पितायत. वाढ खुंटली ती यामुळंच.”

आईनं पदर तोंडाला लावला. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. सोळावं सरलं होतं आणि बाराच्या पोरांत उभा केला तरी मी ओळखू येत नव्हतो. तीन वर्षं सगळे मला आळशी, अंगचोर म्हणत होते. खरे चोर पोटात निघाले.

तुमच्या घरात असं खुरटलेलं पोर असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. त्याला टोमणे मारून झाले असतील तर आता जरा ऐका.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. घरटी एकजण पलटणीत. माझे वडील, आबा, हवालदार होते. एका सुट्टीत त्यांनी बांबूची काठी आणली आणि भरतीला लागते तेवढ्या उंचीवर नेमकी कापून दाराआड उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवर परत जाताना म्हणाले, “काठीला डोकं लागलं की पत्र घाल. साताऱ्याला भरतीत तुझं नाव घालतो.” तेव्हा माझं डोकं काठीच्या चांगलं वीतभर खाली होतं. मला पलटणीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

उंचीसाठी मी आंब्याच्या फांदीला लोंबकळलो. तालीम सोडली, कारण जोर काढले की पोर दबतं असं चुलते म्हणाले. पण आबांचा सगळा भरवसा दारं धरण्यावर होता. मोटेचं पाणी पाटानं उसात यायचं, आणि खोऱ्यानं माती ओढून ते एका सरीतून दुसरीत वळवायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. उसाच्या चिखलात पाय रोवून उभं राहिलं की पोर उसाबरोबर वाढतं, असं आबा मनापासून मानायचे. मी तीन वर्षं दारं धरलं.

अर्थात अनवाणी. रान म्हणजे काळी आई, तिच्या अंगावर पायताण घालून कुणी जात नाही. पायताणं बांधावर काढायची. आणि अख्खी आळी परसाकडला जायची तीही त्याच उसात. पायाला खाज सुटायची, बारीक पुरळ यायचं. चिखल्या झाल्या म्हणून आई करंजेल लावायची.

मग धाप लागू लागली. नखं पांढरी पडली. मी चोरून चुलीचे पोपडे खायचो आणि त्यासाठी मार खायचो. डॉक्टर म्हणाले, मातीची ओढ हीसुद्धा अॅनिमियाची, म्हणजे रक्त कमी झाल्याची खूण असू शकते. तो मार फुकट गेला म्हणायचा.

एके दिवशी सकाळी मी सरीतच कोसळलो. चुलते अंगारा आणायला निघाले. आईनं कुणाला विचारलं नाही. गाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन सांगली गाठली.

दवाखान्यात पहिले दोन दिवस बाकड्यावर गेले. बोटातलं रक्त घेतलं. नारळाच्या करवंटीत शौच आणायला सांगितलं, तेव्हा मी लाजेनं मेलो. तुम्ही लाजू नका. माझा रोग त्या करवंटीत सापडला.

तिसऱ्या दिवशी मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते, ती मिटली की उंची थांबते, आणि माझी अजून उघडी होती. आईनं विचारलं, “आवं डाक्टर, काठीला लागंल न्हवं पोरगं?”

काठीची सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, “उंची आई-बापाकडून येते. पण ती अंगी लागायला अन्न लागतं, झोप लागते आणि रक्त लागतं. याचं रक्त दुसरेच पीत होते. वाढेल. गेलेलं सगळं भरून येईल असं मात्र सांगत नाही.”

एक दिवस उपाशी ठेवून औषध दिलं, वर जुलाबाचं मीठ. पोट पिळवटून निघालं. नंतर कित्येक महिने लोखंडाचं मिक्श्चर, त्यानं दात काळे झाले. निघताना डॉक्टरांनी बजावलं, “हे जंत मातीतून, पायाच्या कातडीतून शिरतात. अनवाणी गेलास की पुन्हा शिरतील. आणि परसाकडला उसात जाऊ नका, जंत तिथूनच मातीत येतात. त्यासाठी परसात खोल खड्डा करा.”

मी पायताण घालून उसात गेलो, आणि गाव पेटलं. “हवालदाराचं पोरगं काळ्या आईला तुडवतंय,” म्हणत चुलते बांधावर आले. उसाला कीड लागली तीही माझ्या पायताणामुळं. मी ते काढलं नाही. आई म्हणाली, “काळी आई माझ्या लेकराचं रक्त मागायची न्हाई. घाल रं तू.”

दीड वर्षात मी सपाट्यानं वाढलो. मग थांबलो. सांगलीला पुन्हा एक्स-रे काढला, तर वाढीची जागा मिटलेली.

लढाई संपून आबा आले ते थेट रानात. माझे पाय बघून ओरडले, “पायताण काढ आदी!”

“न्हाई काढत. आबा, तुमी खंदकात बूट काढून उभं ऱ्हायला व्हता का?”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोललो होतो. ते तडक घराकडं वळले. घरी आल्यावर म्हणाले, “काठीला लाग.”

लागलो. दोन बोटं कमी. आबा काठीकडंच बघत राहिले. मला असा राग आला की मी काठी उचलून परसात गेलो आणि कुदळ मारायला लागलो.

“काय करतुयास?”

“डाक्टरनी सांगितलेला परसाकडचा खड्डा, आजवर ऱ्हायलेला. ही काठी बुडंल एवढा. हिनं मला लय मोजलं.”

दुसऱ्या दिवशी आबा खोरं घेऊन आत उतरले. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात उभी केलेली काठी जमिनीबरोबर बुडाली. मी आत तिच्याशेजारी उभा होतो, दोन बोटं कमी. त्यांनी हात देऊन मला वर ओढलं.

पलटण मला मिळाली नाही, आणि त्याचं दुःख आजही आहे. पण आईनं त्या सकाळी गाडी जुंपली म्हणून मी आहे. काठी दाराआड परत गेली नाही. गावात ज्यानं कुणी खड्डा खणला त्यानं ती खोली मोजायला मागून नेली.

आणि आबा? खड्डा पुरा झाला त्याच दुपारी दारं धरायची पाळी त्यांची होती. बांधावर ते थोडा वेळ थांबले. मग पलटणीतले बूट घालूनच उसात शिरले.