अर्ध्या कटिंगवरून कोण उठतं?

ओहायोतल्या वेंडलबर्ग गावात कोर्टासमोर हार्लन क्रीगरचं सलून होतं, आणि तिथे राजकारणाचा एकच सिद्धांत शिकवला जायचा. राष्ट्राध्यक्षाला चार वर्षं झाली म्हणजे त्याची अर्धी कटिंग झाली. आता अर्ध्या डोक्यानिशी खुर्चीतून कोण उठेल? म्हणून सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष पुन्हा उभा राहिला, की हार्लन डोळे मिटून त्याच्यावर पैज लावायचा, मग पक्ष कुठलाही असो.

"बसलेला माणूस सहजासहजी उठत नाही," तो कात्री वाजवत सांगायचा.

"कान कापलास तर उठतो की!" हे डेल्बर्टचं उत्तर. डेल्बर्ट शेजारचा खाटीक, शाळेपासूनचा मित्र, आणि पैजेत कायम उलट्या बाजूला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला एकचाकी हातगाडीत बसवायचं आणि कोर्टापासून चर्चपर्यंत भर बाजारातून ढकलत न्यायचं, ही तिथली जुनी रीत.

आयझेनहॉवर, जॉन्सन, निक्सन अशा तीन वेळा हार्लन नवरदेवासारखा मिरवला. मग फोर्ड पडले. "निक्सन मधेच उठला म्हणून तो त्याच्या नंबरावर येऊन बसला होता, तो धरायचा नाही," असा कांगावा त्यानं केला, पण गाडी ढकलावीच लागली. पुढे कार्टर पडले, तेव्हा बिचाऱ्याला सबबही सुचली नाही. रेगननी थोडी अब्रू राखली. दर मिरवणुकीत हार्लनची बायको अर्मा दोघांचे कोट हातावर घेऊन मागून चालायची. तिची पैज कोणावर, हे तिला कोणी विचारलं नाही.

ब्याण्णव साली बुश हरले आणि गाडी ढकलायची पाळी पुन्हा हार्लनवर आली. जन्मभर खुर्चीभोवती उभं राहून त्याच्या गुडघ्यांची वाट लागली होती. डॉक्टरांनी वजन ढकलायला साफ मनाई केली होती. आणि डेल्बर्टचं वजन? खाटकानं उधारी कधी ठेवली नाही, चरबी मात्र सगळी ठेवली होती.

"नको जाऊस," अर्मा म्हणाली. "गुडघा गेला तर दुकान बंद पडेल."

"नाही गेलो तर तोंड कुठे दाखवू? तीच माणसं उद्या दाढीला येणार."

सगळा बाजार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा होता. डेल्बर्ट ऐटीत गाडीत बसला. हार्लननं दांडे धरले, जोर लावला, आणि गुडघ्यातून असा आवाज आला की पहिल्या रांगेतली हसणारी माणसं गप्प झाली. गाडी जागची हलली नाही.

डेल्बर्टनं मान वळवून मित्राचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि धडपडत खाली उतरला. "झालं. मिटली पैज."

"मला भीक नको. बस वर!"

"अरे गाढवा, पुढच्या वेळी ढकलायला तू नको का मला?"

दोघं भर रस्त्यात भांडत राहिले. अर्मानं दोन्ही कोट डेल्बर्टच्या गळ्यात टाकले आणि झगा सावरून स्वतःच गाडीत बसली.

"एकेक दांडा धरा," ती म्हणाली, "आणि चला."

कोणी हसलं, कोणी टाळी वाजवली. मुलीसारखी हलकी अर्मा पुढे, मागे दोन म्हातारे एकमेकांना शिव्या देत, अशी वरात चर्चपर्यंत पोचली. हार्लनच्या डोळ्यांत पाणी होतं. गुडघ्यामुळे आहे, असं तो सांगत होता.

"उतर आता," तो म्हणाला.

अर्मानं पाय आणखी लांब केले. "बसलेला माणूस सहजासहजी उठत नाही. घरापर्यंत ढकला."