इंजिन टाक्यावर असताना

माझा नवरा गरीब स्वभावाचा आहे असं लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गरीब स्वभावाचा म्हणजे काय, तर ज्याला कुणीही यावं आणि फुकट वापरावं. गॅरेजांची अख्खी गल्ली यांना मिस्त्री म्हणते. मीही इथे मिस्त्रीच म्हणते; तोंडातलं 'अहो' कागदावर बरं दिसत नाही.

गॅरेज थोरल्या भाऊजींचं. म्हणजे उभं केलं सासऱ्यांनी, पण पाटीवर नाव भाऊजींचं, गल्ल्यावर भाऊजी, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला भाऊजी. गाडीखाली झोपायला मिस्त्री. मी दाराशेजारी पत्र्याच्या आडोशाला शिलाई मशीन घेऊन बसते. ट्रकच्या सीटा आणि गाद्या शिवायचं काम माझं. त्यामुळे जे झालं ते मला कुणी येऊन सांगितलेलं नाही, मी पाहिलेलं आहे.

सासऱ्यांचा जुना ट्रक गॅरेजच्या मागे उभा असायचा. गोल नाकाचा, जाड मडगार्डांचा, समोरच्या काचेत मधोमध उभी पट्टी असलेला. त्याचं मूळ इंजिन केव्हाच जाम झालं होतं आणि सुटे भाग कुठे मिळत नव्हते. सासरे गेल्यावर मिस्त्रींनी भावाकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ट्रक मागितला. त्यात दुसरं इंजिन बसवायचं, स्वतः चालवायचा, माल वाहायचा आणि या गॅरेजातून मोकळं व्हायचं. भाऊजी चहा पीत होते. हसून म्हणाले, "चालू कर आणि घेऊन जा. तुझाच आहे."

ते हसणं मला तेव्हाच खटकलं होतं. तो ट्रक चालू होणार नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून ते दिलदार झाले होते.

मिस्त्रींनी अपघातात चेपलेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन मिळवलं. मागून चेपलेला टेम्पो, इंजिनला खरचटलंही नव्हतं. पण एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणं म्हणजे उशीला दुसरा अभ्रा घालणं नव्हे. जुनं इंजिन लांब आणि अरुंद, हे आखूड आणि खोल. होतं तिथे ठेवावं, तर तेलाचं चेंबर चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्टीवर टेकायचं. मागे सरकवावं, तर केबिनची भिंत आड यायची. पुढे घ्यावं, तर पंखा रेडिएटरला लागायचा. भाऊजी येता जाता म्हणायचे, "अरे, काप ना ती भिंत. किती दिवस कुरवाळत बसणार?" मिस्त्री त्यांच्या बोलण्याला भीक घालत नसत. इंजिनच्या बाबतीत तेवढा एक ताठा त्यांच्याकडे होता. तो घरी आणला असता तर बरं झालं असतं.

सुट्टीच्या दिवशी ते इंजिन साखळीच्या कप्पीला टांगून ठेवायचे आणि बोटभर खाली, बोटभर मागे करत राहायचे. गिअरबॉक्सखाली लाकडाचे ठोकळे. इंजिन चासीला धरून ठेवणारे ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचे कापायचे, लावून बघायचे, फेकायचे. माझ्या नव्या चपलांचं खोकंही त्यात गेलं. इंजिन आडवं सपाट बसवून भागत नाही, ते मागे जरा झुकलेलं लागतं, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट कुरकुर न करता फिरतो. आणि तो झुकाव गाडी रिकामी असताना मोजला तर फसगत होते, कारण वजन पडलं की स्प्रिंगचे पाटे दबतात. म्हणून त्यांनी मागे वाळूची पोती भरली आणि मला म्हणाले, "अगं, जरा येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बस."

"मीच का?"

"माझ्याइतकं वजन या घरात तुझंच आहे."

मी चढून बसले. संसारात माझ्या वजनाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला. खालून त्यांचा आवाज येत होता, "हलू नकोस, हं, हलू नकोस." खरं सांगते, त्या केबिनमध्ये, फाटक्या सीटवर, स्टिअरिंग धरून बसले असताना मला सुखाने रडू आलं होतं. ते खाली होते म्हणून बरं. त्यांना वाटलं असतं, स्प्रिंग टोचली.

मग त्यांनी खरे ब्रॅकेट कापले, हादरे झेलायला रबराची फाउंडेशन लावली आणि इंजिन बसवलं. पण नुसत्या टाक्यांवर. टाका म्हणजे वेल्डिंगचा एकेक ठिपका, जोड जागेवर राहण्यापुरता. कपड्याला आधी कच्चा दोरा घालतात, तसंच. टाक्यावर असताना सगळं पुन्हा तपासायचं, चुकलं असेल तर छिन्नीच्या एका घावात सोडवायचं. पक्कं वेल्डिंग शेवटी. ही पद्धत सासऱ्यांची, आणि ती त्यांनी दोन्ही मुलांना एकाच दिवशी, एकाच चासीवर शिकवली होती. टाक्यावरच्या इंजिनला चावी लावायची नाही हे त्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. तरी खबरदारी म्हणून मिस्त्रींनी कप्पीची साखळी इंजिनला ढिली अडकवून ठेवली होती. तारा आणि नळ्या पुरतात का ते पाहायला बॅटरी आणि डिझेलही जोडलेलं होतं.

राहिला होता तो शाफ्ट. नव्या मापाने तो आखूड करायला मिस्त्री लेथवर गेले. जाताना मला म्हणाले, "संध्याकाळी पक्कं करतो."

ते वळणावरून दिसेनासे झाले आणि भाऊजी एका हॉटेलवाल्याला घेऊन आले. त्याला हॉटेलच्या दारात उभा करायला जुना ट्रक हवा होता, शोभेसाठी. भाऊजींनी त्याला ट्रकभोवती फिरवलं आणि साखळीचा आकडा स्वतःच्या हाताने काढला. म्हणाले, "हे मध्ये लटकलेलं बरं दिसत नाही." मग चढून केबिनमध्ये बसले.

मी मशीन सोडून धावले. "भाऊजी, चावी लावू नका. नुसते टाके आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शांतपणे म्हणाले, "ठाऊक आहे मला. तू तुझ्या सीटा शिव."

आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. इतकं सुरेख चालू झालं की हॉटेलवाला 'वा' म्हणाला. मग भाऊजींनी पाय दाबला. एकदा, आणि पुन्हा, जोरात. ताडकन आवाज झाला, एका बाजूचे टाके सुटले, इंजिन कलंडलं आणि पंखा रेडिएटर खात सुटला. पाणी, पत्र्याच्या चिंध्या, धूर. गल्ली गोळा झाली.

मिस्त्री परत आले ते खांद्यावर शाफ्ट घेऊन. गर्दी बाजूला झाली. त्यांनी शाफ्ट खाली ठेवला नाही, तसेच उभे राहिले. भाऊजी सगळ्यांदेखत ओरडले, "अरे, नुसते टाके मारून ठेवलेस आणि सांगितलं नाहीस? माझा हात गेला असता!" आणि हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाले, "हाताला जरा कच्चाच आहे. सांभाळून घेतो मी."

माझ्या ओठांवर आलं होतं. पण मिस्त्रींच्या खांद्यावर ते लोखंड होतं, आणि मला वाटलं, आता बोलले तर हा माणूस भावाचं डोकं फोडेल. भीती होती की आशा होती, आजही सांगता येत नाही. मी गप्प बसले.

ते वाकून रेडिएटरचे तुकडे गोळा करू लागले. "माझंच चुकलं, दादा," म्हणाले. "चावी काढून न्यायला हवी होती."

हॉटेलवाल्याला इंजिन नकोच होतं. तेल गळून फरश्या खराब होतात म्हणे. भाऊजींनी ट्रक विकला. "चालू झाला असता तर दिलाच असता की," असं वर घरी येऊन ऐकवून गेले. आमच्या खाली घातलेल्या माना त्यांना होकारासारख्या दिसल्या असाव्यात. आणि इंजिन कुणी उतरवलं? मिस्त्रींनी. दुसऱ्या कुणी हात लावला तर गॅसकटरने चासी कापतील, असं म्हणाले. उरलेले टाके छिन्नीने एकेक सोडवले. चासीवर एक ओरखडा राहू दिला नाही.

भाऊजींनी हे का केलं, यात गूढ काही नाही. मिस्त्री ट्रक घेऊन गेले असते तर त्या पाटीखाली उरलं काय असतं? गोड बोलण्याने क्लचप्लेट बसत नाही.

त्यानंतर मिस्त्री कामावर जात होते, पण वेल्डिंगला हात लावेनात. साधा मडगार्डचा कान जोडायचा असला तरी शेजारच्या गॅरेजातल्या माणसाला बोलवायचे. तो हसायचा. एका रविवारी ते घरी नळाचा पाना हातात घेऊन नुसते बसले होते. म्हणाले, "अगं, मला माझ्या हाताचाच भरवसा राहिला नाही. चुकून साखळीही नीट अडकवली नसेल मी."

मला राहवलं नाही. म्हटलं, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. साखळी तुम्ही अडकवली होती, भाऊजींनी काढली. मी ओरडून सांगितलं होतं टाके आहेत म्हणून, आणि ते म्हणाले, "ठाऊक आहे मला." हेच शब्द. माझ्याकडे बघून.

मला वाटलं होतं, उठतील. पाना फेकतील. निदान शिवी देतील, आयुष्यात एक तरी.

त्यांनी पाना हळूच जमिनीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा राग माझ्यावर होता.

"हे मला सांगायला नको होतंस तू," ते म्हणाले. "चूक माझी होती तोवर जाता येत होतं. आता उद्या कामावर कसा जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेतला आणि गेले.