भिंतीआधी टेबल

बोरीवलीत आमच्या चाळीमागे एक जुना बंगला होता. त्याचा इतिहास प्रत्येकाकडे वेगळा होता. बाबांच्या मते तिथे एक गोरा साहेब दारू पिऊन जिन्यावरून पडून मेला. शेजारच्या काकूंच्या मते तो मेला नव्हता, नुसता पडला होता. खरं एवढंच, की आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मिसच्या आजोबांनी तो बांधला होता, आणि भावंडं एकेक करून परदेशी गेल्यावर मिस त्यात एकट्याच उरल्या होत्या.

शेवटी बंगला बिल्डरकडे गेला. मिसनी एकच अट घातली, बदल्यात मिळणाऱ्या फ्लॅटमध्ये घरचं जेवणाचं टेबल आलं पाहिजे. बारा खुर्च्यांचं ते सागवानी धूड बघून बिल्डरने कपाळाला हात लावला.

"मिस, दारातून नाय जाणार हे. कापून देतो ना."

"तुझे पाय कापून तुला नेऊ का रे? टेबल आधी ठेव, मग भिंती बांध."

तसंच झालं. बंगला पडला तेव्हा आम्ही पोरं टाळ्या पिटत होतो, आणि अर्ध्या चाळीने त्याचे दरवाजे आणून मोऱ्यांना लावले. मिसच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पुढे नव्या स्लॅबवर उभ्या राहून, दोरखंडाने टेबल वर खेचणाऱ्या मजुरांवर त्या खेकसत होत्या. मग टेबलाभोवती विटा चढल्या.

आम्हीही त्याच नव्या इमारतीत मिसच्या समोरचा ब्लॉक घेतला. मिसच्या हॉलमध्ये टेबल होतं, हॉल नव्हता. स्वयंपाकघरात जायला साठीतल्या मिस फ्रॉक सावरत टेबलाखालून रांगायच्या. आईला हसू आवरायचं नाही. "काय येडेपणा! एकटा जीव आणि बारा खुर्च्या!"

त्या नाताळला मिसनी सगळ्या मजल्याला जेवायला बोलावलं. आधी भिंतीकडचे आत सरकले, मग दाराकडचे. शेवटची खुर्ची ओढल्यावर कोणाला हलायलाही जागा उरली नाही. कोंबडी आणि मैद्याचे तळलेले गोल फुगे हातोहात फिरले. जेवण होताच बाबा म्हणाले, "मिस, निघतो आता," पण त्यांना उठताच येईना. आम्ही खो खो हसलो.

मिस हसल्या नाहीत. "बंगल्यात पण सगळे असंच म्हणायचे. आणि उठून जायचे." त्यांनी आपली खुर्ची मागे दाराला टेकवली. "आता जाऊन दाखवा."

  आईने ताट पुढे केलं.

"वाढा मिस," ती म्हणाली, "अजून एक फुगा."